लहान मुलांसह पुण्याहून दिल्ली: कोणती गोष्ट आधी ठरवावी, कोणती नंतर

पुण्याहून दिल्लीला जाणारी बहुतेक कुटुंबे आधी तिकीट काढतात, मग हॉटेल शोधतात आणि काय काय पाहायचे याचा विचार प्रवासाला निघाल्यावर करतात. मोठ्या माणसांच्या सहलीत हा क्रम खपून जातो. दोन ते नऊ वर्षांची मुले बरोबर असली की मात्र त्याची किंमत दुसऱ्याच दिवशी मोजावी लागते: सोमवारी लाल किल्ल्याचे दार बंद सापडते, मुक्काम मेट्रोपासून दूर निघतो, दुपारी झोपेला आलेले मूल कडेवर घेऊन भर उन्हात ऑटो शोधावा लागतो. म्हणून आधी ऋतू, मग वार, मग मुक्कामाची जागा आणि त्यानंतर तिकीट, या क्रमाने पुढील टप्पे मांडले आहेत. चार-पाच दिवसांची सहल गृहीत धरली आहे.

टप्पा १: ऋतू आणि शाळेची सुट्टी यांचा मेळ

खरी अडचण अशी की पुण्यातील शाळांच्या मोठ्या सुट्ट्या आणि दिल्लीची चांगली हवा सहसा एकत्र येत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत दिल्लीचे तापमान चाळीस अंशांच्या वर असते आणि काही दिवस ते पंचेचाळीसच्या आसपास जाते. उघड्यावरच्या दगडी वास्तूंमध्ये सकाळी दहानंतर लहान मुलांना उभे करणेही योग्य नाही. दिवाळीच्या सुट्टीत ‘भाऊबीज झाली की निघू’ असा बेत घरोघरी होतो, पण नेमके तेच दिवस दिल्लीच्या हवेच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत वाईट दिवसांपैकी असतात. नाताळच्या सुट्टीत डिसेंबरअखेरचे दाट धुके विमाने आणि गाड्या तासन्‌तास अडकवून ठेवते.

बालवाडीतील किंवा पहिली-दुसरीतील मूल असेल, तर शाळा चार दिवस बुडवून फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचा पहिला पंधरवडा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडी ओसरलेली असते, ऊन सोसवते आणि राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यानही साधारणपणे याच काळात लोकांसाठी खुले असते. शाळा बुडवणे शक्य नसेल, तर दसऱ्याच्या मागेपुढे मिळणारे दिवस हा दुसरा चांगला पर्याय आहे. तोवर दिल्लीतून पाऊस परतलेला असतो आणि हवा बिघडायला अजून अवकाश असतो.

नाताळातच जायचे असेल, तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पुण्यात थंडी सकाळ-संध्याकाळची असते आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो. दिल्लीत धुके पडलेल्या दिवशी दुपारीही ऊब येत नाही, त्यामुळे मुलांच्या अंगावरचे कपडे दिवसभरासाठी पुरेसे हवेत.

*सावधान:* मुलाला दम्याचा किंवा बालदम्याचा त्रास असल्यास ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा काळ टाळावा, किंवा निदान आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक दिसतो. ३००च्या वर गेलेला दिवस ‘अत्यंत वाईट’ गणला जातो. अगदी लहान चेहऱ्यावर मास्क नीट बसत नाही, त्यामुळे ‘मास्क लावून फिरू’ हा भरवसा मुलांच्या बाबतीत धरू नये.

टप्पा २: आठवड्याचा कोणता वार कशासाठी

तारखा पक्क्या करण्यापूर्वी एका कागदावर सोमवार ते रविवार लिहावे आणि काय बंद असते ते त्यापुढे मांडावे. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर आणि शंकर यांचे बाहुल्यांचे संग्रहालय ही सर्व सोमवारी बंद असतात. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. हुमायूनचा मकबरा आणि कुतुबमिनार रोज खुले असतात.

पुणेकर कुटुंबे शनिवार-रविवार जोडून सुट्टी घेतात आणि सोमवारी हमखास अडकतात. त्यावर सोपा उपाय आहे. रविवारी दुपारी दिल्लीत उतरावे, सोमवार हुमायूनच्या मकबऱ्याला आणि शेजारच्या ‘सुंदर नर्सरी’ या बागेला द्यावा आणि मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस बाकीच्या ठिकाणांसाठी राखावेत. रविवारच्या गर्दीतून सुटका होते, ती वेगळीच.

२६ जानेवारीच्या आधीचे काही दिवस कर्तव्य पथाच्या परिसरात संचलनाच्या तालमी चालतात आणि रस्ते बंद होतात. २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीट या समारोपाच्या सोहळ्यापर्यंत ही स्थिती कमी-अधिक राहते. १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला पर्यटकांसाठी बंद ठेवतात. संचलन पाहणे हाच हेतू नसेल, तर मुलांसह या काळात जाऊ नये.

*तपासणी:* तिकिटाकडे वळण्याआधी कागदावर चार गोष्टी असाव्यात: पोहोचण्याचा वार, परतीचा वार, सोमवारचे ठिकाण आणि मुलांना सर्वांत आवडेल अशा एका ठिकाणाचा वार. ते एक ठिकाण शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

टप्पा ३: मुक्काम कोठे करावा

येथे लोक खोलीचे भाडे पाहतात आणि अंतर विसरतात. महिपालपूर विमानतळाजवळ आहे आणि तेथे खोल्या स्वस्त मिळतात, पण प्रेक्षणीय स्थळे तेथून दूर पडतात. दुपारी मुलांना झोपवण्यासाठी खोलीवर परत येणे हा या सहलीचा कणा आहे. इतक्या अंतरावरून ते शक्यच होत नाही. पहाडगंज नवी दिल्ली स्थानकाला लागून आहे आणि स्वस्तही आहे, मात्र त्याच्या गल्ल्यांमध्ये गाडी दारापर्यंत येईलच असे नाही आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. मध्यम खर्चात करोलबाग बरे. निळ्या मार्गिकेचे स्थानक तेथेच आहे. खर्चाला हात सैल असेल तर कॅनॉट प्लेसचा परिसर सर्वांत सोयीचा. शांत वस्ती हवी असल्यास लाजपतनगर आणि त्याच्या आसपासच्या दक्षिण दिल्लीतील वसाहती पाहाव्यात.

आरक्षणापूर्वी हॉटेलला फोन करून विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. लिफ्ट आहे का? गाडी दारापर्यंत येते का? हिवाळ्यात खोलीत हीटर मिळतो का, त्याचे पैसे वेगळे पडतात का आणि गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळी? जादा गादीचे काय? स्वयंपाकघरातून साधा वरण-भात किंवा दही-भात मिळेल का, हाही प्रश्न संकोच न करता विचारावा. त्याच्या उत्तरावरूनच हॉटेल लहान मुलांना किती सांभाळून घेईल याचा अंदाज येतो. ‘मेट्रोपासून पाच मिनिटे’ ही जाहिरातीतील भाषा असते, म्हणून नकाशावर पायी अंतर स्वतः मोजावे. मुलासह अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त नको.

*तपासणी:* खोली ताब्यात मिळण्याची वेळ बहुधा दुपारी बारा किंवा दोन असते. गाडी सकाळी पोहोचत असेल, तर लवकर खोली मिळेल याची लेखी खात्री घ्यावी, अन्यथा आदल्या रात्रीचे पैसे भरावेत. रात्रभर प्रवास केलेल्या मुलांना स्वागतकक्षातील सोफ्यावर चार तास बसवून वाचवलेले पैसे पुढे दोन दिवसांच्या किरकिरीत फिटतात.

टप्पा ४: तिकीट

*विमान.* लोहगावहून दिल्ली सव्वादोन तासांच्या आसपास. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसू शकते, परंतु त्याच्या वयाचा पुरावा लागतो, म्हणून जन्मदाखला बरोबर असावाच. जाताना दोन वर्षांच्या आत असलेले मूल परतीच्या तारखेपर्यंत दोन वर्षांचे पूर्ण होत असेल, तर परतीसाठी त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मध्यरात्री दिल्लीत उतरणारी विमाने स्वस्त दिसतात, पण मुलांसह ती स्वस्त पडत नाहीत, कारण दुसरा दिवस झोपेत जातो आणि त्या दिवसाच्या खोलीचे भाडे भरलेलेच असते. डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा सर्वाधिक फटका पहाटेच्या आणि सकाळच्या विमानांना बसतो, त्यामुळे दुपारी उतरणारे विमान निवडावे.

*रेल्वे.* पुण्याहून दिल्लीचा प्रवास गाडीनुसार साधारण वीस ते अठ्ठावीस तासांचा आहे. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलासाठी अर्धे भाडे भरले तरी बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. सर्वांत जास्त फसगत येथेच होते. अर्ध्या भाड्याच्या मोहात सहा-सात वर्षांच्या मुलाला आपल्याच बर्थवर घेऊन एवढा प्रवास करणे म्हणजे दोघांचीही झोप गमावणे होय. माझा सल्ला असा, की तीन वर्षांवरील प्रत्येक मुलासाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घ्यावा आणि बाजूचे बर्थ शक्यतो टाळावेत. मार्गिकेतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का झोपलेल्या मुलाला लागत राहतो.

*सावधान:* तिकिटावरील शेवटचे स्थानक नीट वाचावे. पुण्याकडून जाणाऱ्या कित्येक गाड्या, दुरांतो आणि गोवा एक्सप्रेस धरून, हजरत निजामुद्दीनला थांबतात आणि तेथेच संपतात. त्या नवी दिल्ली स्थानकापर्यंत जात नाहीत. हॉटेलला आणि गाडीवाल्याला योग्य स्थानकाचे नाव कळवावे.

टप्पा ५: कागद, औषधे आणि शिधा

प्रत्येकाचे, मुलांचेही, आधार कार्ड मूळ स्वरूपात बरोबर घ्यावे; हॉटेलात मोठ्यांचे ओळखपत्र मागतातच. प्रत्येक कागदाचे छायाचित्र दोन्ही पालकांच्या फोनमध्ये असावे.

औषधांच्या पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे आणि उलटीचे औषध, थर्मामीटर आणि मुलाचे नेहमीचे औषध असावे. ताप आणि उलटीच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. ती निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधावा, म्हणजे रात्री दोन वाजता शोधाशोध होत नाही.

शिध्याबाबत संकोच नको. मेतकुटाची लहान पुडी, नाचणीचे सत्त्व, राजगिऱ्याचे लाडू आणि थोडे भडंग बरोबर घेतले, की मुलांचे अर्धे जेवण सुटते: कोणत्याही हॉटेलात साधा भात मिळतो, त्यावर तूप-मेतकूट घातले की तीन वर्षांचे मूल परक्या गावी मुकाट्याने जेवते. रेल्वेने जाणार असाल तर पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि कोरडी चटणी बांधावी. विमानाने जाताना तूप आणि लोणचे हातातल्या पिशवीत ठेवू नये, ते चेक-इनच्या बॅगेत घट्ट बांधून द्यावे. पॉवरबँक मात्र याच्या उलट, ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते.

*सावधान:* विजेची किटली हॉटेलात उपयोगी पडते, पण गाडीतील चार्जिंगच्या सॉकेटला ती लावण्यास मनाई आहे. गरम पाणी थर्मासमध्ये भरून न्यावे.

बाबागाडी न्यावी की नाही, हा प्रश्न हमखास येतो. घडी होणारी हलकी बाबागाडी विमानतळावर, सुंदर नर्सरीत आणि इंडिया गेटच्या हिरवळीवर कामाची आहे. जुन्या दिल्लीत आणि मकबऱ्यांच्या उंच दगडी पायऱ्यांवर तिचे ओझे होते. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी पोटाशी बांधायची झोळी अधिक उपयोगी.

टप्पा ६: उतरल्यानंतरचे पहिले दोन तास

विमानतळाच्या टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो नवी दिल्ली स्थानकापर्यंत साधारण वीस मिनिटांत नेते. दोन मोठ्या बॅगा आणि दोन मुले असतील तर मात्र पहिल्या दिवशी मेट्रोचा आग्रह धरू नये. अ‍ॅपवरून गाडी करावी किंवा प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरावेत. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला दोन बाजू आहेत. पहाडगंज एका बाजूला आणि अजमेरी गेट दुसऱ्या बाजूला, जेथे मेट्रोचे स्थानक आहे. गाडीवाल्याला कोणत्या बाजूला बोलावले आहे हे आधी ठरवावे, कारण सामान आणि मुले घेऊन पादचारी पुलावरून दुसऱ्या टोकाला जाणे ही मोठीच दमछाक होते.

*सावधान:* स्थानकाबाहेर कोणीतरी अगत्याने येऊन सांगेल, की तुमचे हॉटेल बंद झाले आहे, पुढचा रस्ता अडवला आहे किंवा आज लाल किल्ला उघडणार नाही, आणि ‘सरकारी पर्यटन कार्यालयात’ घेऊन जाण्याची तयारी दाखवेल. थांबू नये, वाद घालू नये. हॉटेलला स्वतः फोन लावावा आणि चालत राहावे.

पोहोचलेल्या दिवशी एकही तिकिटाचे ठिकाण ठेवू नये. अंघोळ, जेवण, झोप आणि संध्याकाळी जवळची एखादी बाग एवढेच.

टप्पा ७: मेट्रोतील शिस्त

दिल्लीत मुलांसह फिरायचे तर मेट्रोला पर्याय नाही, पण तिच्या सवयी पुण्याच्या मेट्रोपेक्षा वेगळ्या आहेत, कारण गर्दीच वेगळी आहे. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात राजीव चौक आणि कश्मीरी गेट येथे मार्गिका बदलू नये. एरवी मात्र प्रवास सुखाचा होतो.

तीन फुटांपर्यंत उंचीच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही. त्याहून उंच मुलाला पूर्ण तिकीट लागते. एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. प्रत्येकाचे कार्ड किंवा क्यूआर तिकीट वेगळे हवे. पुणे मेट्रोचे ‘वन पुणे’ कार्ड एनसीएमसी प्रकारचे, म्हणजे वेगवेगळ्या शहरांत चालणारे सामायिक कार्ड असल्याने दिल्ली मेट्रोतही वापरता येते, मात्र त्यातील शिल्लक निघण्यापूर्वी भरून घ्यावी.

सुरक्षा तपासणीत स्त्रिया आणि पुरुष यांच्या रांगा वेगळ्या असतात आणि नेमकी येथेच मुलांची चुकामूक होते. आई बॅग पट्ट्यावर ठेवून आपल्या रांगेत जाते, वडील आपल्या रांगेत, आणि मूल ‘आईबरोबर’ की ‘बाबांबरोबर’ या घोळात मध्येच उभे राहते. कोणते मूल कोणाबरोबर हे स्थानकात शिरण्याआधीच मुलांना सांगावे. एकाने आधी पलीकडे जाऊन बॅगा ताब्यात घ्याव्यात, मग मुले असलेल्या पालकाने यावे. गाडीत शिरतानाही तसेच: एक मोठा पुढे, मुले मध्ये, दुसरा मोठा शेवटी. पुढच्या पालकासह मूल गाडीत गेले आणि दार लागले, तर काय करायचे हेही ठरलेले असावे: पुढे गेलेल्याने पुढच्याच स्थानकावर उतरून फलाटावर थांबायचे, मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तेथे यायचे.

*तपासणी:* प्रत्येक मुलाच्या खिशात दोन्ही पालकांचे फोन क्रमांक आणि हॉटेलचे नाव देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी असावी. ‘हरवलास तर आहेस तेथेच उभा राहा, आम्हाला शोधत फिरू नकोस’ हे वाक्य मुलांकडून रोज सकाळी एकदा म्हणवून घ्यावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक फोनमध्ये साठवावेत.

टप्पा ८: एक दिवस, एक मोठे ठिकाण

दिवसाचा साचा असा असावा: सकाळी नऊ-साडेनऊला एका मोठ्या ठिकाणी पोहोचावे, बारा-साडेबाराला बाहेर पडावे, जेवून खोलीवर यावे, मुलांना दीड-दोन तास झोपू द्यावे आणि संध्याकाळी जेथे मुले मोकळी पळू शकतील अशा जागी जावे. ‘एवढे पैसे खर्चून आलो आहोत तर’ या विचाराने दुपारी दुसरे ठिकाण कोंबले, की ते ठिकाणही नीट पाहून होत नाही आणि रात्रीचे जेवणही रडारडीत जाते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. मोठ्यांची तिकिटे आदल्या रात्री ऑनलाइन काढली की खिडकीवरची रांग वाचते.

*लाल किल्ला.* शनिवारवाडा मुलांसह तासाभरात पाहून होतो, त्या अंदाजाने येथे येऊ नये. लाहोरी दरवाजा, पुढे छत्ता चौकातील दुकाने, मग दिवाण-ए-आम आणि शेवटी दिवाण-ए-खास असे बरेच चालणे आहे. छत्ता चौकात मुले खेळण्यांपाशी अडतात. जाताना नव्हे, येताना एक वस्तू घेऊ, हा करार दरवाजाबाहेरच करावा. दिवाण-ए-खासपर्यंत जाऊन हिरवळीवर थोडे बसून परतावे. आतील संग्रहालये आठ वर्षांखालील मुलांसाठी सोडून द्यावीत. येण्यासाठी जांभळ्या मार्गिकेवरील लाल किला स्थानक सोयीचे आहे. चांदनी चौक त्याच दिवशी ‘जाता जाता’ पाहण्याचा मोह टाळावा. फारच इच्छा असेल तर एका पालकाने मुलांना घेऊन खोलीवर जावे आणि दुसऱ्याने जिलबी बांधून आणावी.

*राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय.* दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दिल्लीत याहून चांगली जागा मला माहीत नाही. चाणक्यपुरीतील हे संग्रहालय १९७७ साली सुरू झाले. येथे क्रम महत्त्वाचा: आत शिरताच आधी छोट्या गाडीच्या फेरीची तिकिटे घ्यावीत, मग इंजिने पाहावीत, कारण फेरीची रांग वाढत जाते आणि ती फेरी चुकलेले मूल बाकी काही पाहायला तयार होत नाही. पतियाळा संस्थानाची मोनोरेल आवर्जून दाखवावी. मोनोरेलची लहान चाके एकाच रुळावरून जातात आणि तोल सांभाळणारे मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून चालते. मुलाला खाली बसवून ते चाक दाखवले, तर ‘मग ही पडत का नाही?’ हा प्रश्न तेच विचारते. निघण्यापूर्वीच्या रविवारी कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयात एक चक्कर मारली, तर दिल्लीत मूल स्वतःच माहिती सांगू लागते.

*हुमायूनचा मकबरा आणि सुंदर नर्सरी.* मकबऱ्याच्या ओट्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत. चढताना मूल पुढे आणि आपण मागे, उतरताना आपण पुढे. वर कठडा पुरेसा नाही, तेथे मुलाचा हात सोडू नये. नंतर सुंदर नर्सरीत चटई टाकून डबा खावा.

*इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक.* ही संध्याकाळची जागा. मेट्रोपासून चालत येण्याऐवजी ऑटोने थेट यावे. येथे फुगे आणि चमकणारी खेळणी विकणारे मुलांना घेरतात, त्यामुळे चुकामुकीची शक्यता मोठी असते. आल्याबरोबर नेताजींच्या पुतळ्याची छत्री दाखवून ‘येथे भेटायचे’ हे ठरवावे. २०१९ साली खुल्या झालेल्या युद्ध स्मारकाला प्रवेशमूल्य नाही. थोडी मोठी मुले असतील तर परमवीरचक्र विजेत्यांच्या अर्धपुतळ्यांमधून अरुण खेतरपाल यांचा पुतळा शोधायला सांगावा. १९७१च्या युद्धात एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेल्या या अधिकाऱ्याचा जन्म पुण्याचा आहे. शोधायला काही दिले, की मुले शांतही राहतात.

*अक्षरधाम.* मोबाइल, कॅमेरा आणि बॅगा आत नेता येत नाहीत. सर्व काही बाहेर जमा करावे लागते. म्हणजे मुलाच्या खिशातील फोन क्रमांकाची चिठ्ठी आत निरुपयोगी ठरते, कारण तुमचाच फोन कुलपात असतो. भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरवावी, मनगटावर साधे घड्याळ असावे. चार वर्षांखालील मुलांसह लांब प्रदर्शने टाळून संध्याकाळचा पाण्याचा कार्यक्रम तेवढा पाहावा.

*राष्ट्रीय संग्रहालय.* संपूर्ण पाहू नये. हडप्पा दालनात जावे, मोहेंजोदडोची नर्तकी पाहावी आणि परत यावे. पुस्तकातील चित्रावरून मुलांना ती मोठी मूर्ती वाटते. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटिमीटरची, म्हणजे त्यांच्या कंपासपेटीतील पट्टीहून लहान असते.

प्राणिसंग्रहालय मी यादीतून काढतो. कात्रजला वाघ-सिंह पाहिलेल्या मुलांसाठी दिल्लीतील अर्धा दिवस त्यावर घालवण्याचे कारण नाही.

*तपासणी:* प्रत्येक ठिकाणी आत शिरताच स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहावे आणि मुलांना तेव्हाच नेऊन आणावे. ‘आत्ता नाही आली’ म्हणणारे मूल दिवाण-ए-खासपाशी पोहोचल्यावर घाई करते.

टप्पा ९: खाणे-पिणे

बाटलीबंद पाणीच द्यावे, दात घासायलाही लहान मुलांना तेच द्यावे. सकाळी पोटभर नाश्ता करून निघावे. चाट, गोलगप्पे आणि उघड्यावरचे बर्फाचे पदार्थ मोठ्यांनी हवे तर शेवटच्या संध्याकाळी खावेत. मुलांना देऊ नयेत. घरच्या चवीची फारच आठवण झाली, तर कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात मराठी जेवण मिळते. जाण्यापूर्वी फोनवर वेळ विचारून घ्यावी.

टप्पा १०: आग्रा जोडावे का?

सहा वर्षांखालील मुले असतील तर नाही. मोठी मुले असतील आणि जायचेच असेल, तर हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणाऱ्या गतिमान एक्सप्रेसने जावे. ती सुमारे शंभर मिनिटांत आग्रा छावणीला पोहोचते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि ती गाडीही त्या दिवशी धावत नाही. खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून मुलांना प्रवेशापूर्वी खाऊ घालावे. आग्र्याच्या दिवशी संध्याकाळी दिल्लीत काहीही ठेवू नये आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ उशिरा सुरू करावी.

टप्पा ११: परतीचा दिवस

परतीच्या विमानाचे टर्मिनल आदल्या रात्री पुन्हा तपासावे. पुण्याची विमाने वेगवेगळ्या टर्मिनलवरून सुटतात, टर्मिनल १ हे टर्मिनल ३ पासून बरेच दूर आहे आणि एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो टर्मिनल १ ला जात नाही; तेथे जाण्यासाठी मॅजेंटा मार्गिका आहे. गाडीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ न सांगता टर्मिनलचा क्रमांक सांगावा. मुलांच्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, दोन डायपर आणि खाऊचा डबा मोठ्या बॅगेत न भरता हाताशी ठेवावा. लोहगावला रात्री उशिरा उतरल्यावर सामान पट्ट्यावर येईपर्यंत त्याची गरज पडतेच.